सालोमी सिस्टरची दुसरी साक्ष

चार वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलेल्या बाईनं एका रविवारी तोंड उघडलं आणि सगळा घात झाला. ती गप्प बसली असती तर भागाबाई आणखी वर्ष-दोन वर्षं जगली असती. निदान मेली असती ती कोरड्या अंथरुणात, अंग कुजून नव्हे. असं दुसरं कुणी म्हणत नाही हं, सालोमी सिस्टर स्वतःच म्हणते.

पाचोऱ्याला रेल्वे गेटाच्या अलीकडच्या गल्लीत सिस्टरच्या दोन खोल्या. नवरा रेल्वेत रूळ बदलणारा पॉइंट्समन होता, त्यानं बांधलेल्या. ती स्वतः धुळ्याला मिशनच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स. नवरा गेला, मूलबाळ नव्हतंच, रिटायर झाल्यावर ती इथं येऊन राहिली. गल्लीत ख्रिस्ती घर हे एवढं एकच. सालोमी हे नाव काही कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून लहानथोर सगळे सिस्टर म्हणायला लागले. कुणाचं पोर तापलं, कुणाला इंजेक्शन टोचायचं, की बोलवा सिस्टरला. नाताळात तिच्या करंज्या घरोघर जायच्या आणि संक्रांतीला सगळी गल्ली तिच्या हातावर तिळगूळ ठेवून जायची. बोलणं मात्र फटकळ. पथ्य मोडणाऱ्याला ती त्याच्या बायकोसमोर झाडायची.

तिच्या भिंतीला भिंत लागून भागाबाईचं घर. ही भागाबाई धडधाकट होती तेव्हा सिस्टरला चहा द्यायची तो वेगळ्या कपात, आणि तो कप धुऊन मोरीजवळच्या कोनाड्यात ठेवायची. सिस्टरला ते दिसायचं. ती चहा प्यायची आणि काही बोलायची नाही. मग एके दिवशी भागाबाईला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दोन-चार शब्द तेवढे राहिले.

एकुलता एक लेक नवल जळगावला पाइपच्या कंपनीत सुपरवायझर. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बायको रत्ना, लग्नाला आलेली मुलगी दिपमाला. त्यानं आईसाठी पाचोऱ्यातच एक बाई लावली. ती दीड महिन्यात पळाली. "दुसरी बघतो," म्हणाला नवल, आणि चार वर्षं बघतच राहिला.

बाई पळाल्याच्या दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून कण्हण्याचा आवाज आला, म्हणून सिस्टर आत गेली. बत्तीस वर्षांची नर्स, पण तिनं नाकाला पदर लावला. आणि भागाबाईचे डोळे त्या पदराकडे गेले तशी तिची तिलाच लाज वाटली. तिनं पाणी तापवलं, म्हातारीला पुसून काढलं, चादर बदलली, लुगडं धुतलं. त्या दिवसापासून हे काम तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

प्रेमबिम काही नव्हतं सुरुवातीला. "शेजाऱ्यावर प्रीती करा म्हटलं प्रभूनं, पण शेजारी निवडायची मुभा काही दिली नाही," असं ती भांडी आपटत म्हणायची. पण काम मात्र चोख. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर हाडाखालची कातडी दबून मरते, जखम पडते आणि ती आत आत जाते. हे सिस्टरला झोपेतही ठाऊक. ती दोन तासांनी यायची, म्हातारीला या कुशीवरून त्या कुशीवर करायची, पाठीला खोबरेल चोळायची, टाचांखाली कापसाच्या गाद्या सरकवायची. मऊ खिचडी भरवायची. हात तेवढा चालायचा डावा, तो म्हातारी सिस्टरच्या पदराला घट्ट धरून ठेवायची. दारात पाऊल पडलं की तोंड वाकडं करत म्हणायची, "उनी का माय?" आलीस का गं आई, एवढंच. वयानं बारा वर्षं मोठी असलेली बाई तिला आई म्हणायची. तिथं कधीतरी प्रेम जडलं. कोणत्या दिवशी, ते सिस्टरलाही सांगता येणार नाही.

आणि या सगळ्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही, असा एक न ठरवता ठरलेला करार होता. नवल महिन्यातून एकदा यायचा, केळीची फणी ठेवायचा, आईच्या गालाला गाल लावून फोटो काढायचा आणि अर्ध्या तासात निघायचा. जाताना म्हणायचा, "सिस्टर, तुमचं लक्ष असतंच म्हणा." गावाकडच्या भाऊबंदांना त्यानं सांगून ठेवलं होतं की रत्ना दर आठवड्याला पाचोऱ्याला जाऊन सासूचं सगळं करते. रत्ना दोन महिन्यांतून एकदा यायची आणि दारातूनच विचारायची, "झोपल्यात का?" सिस्टरला सगळं ठाऊक होतं. तिनं ना गल्लीत तोंड उघडलं, ना चर्चमध्ये. या हाताचं त्या हाताला कळू देऊ नये, हे तिचं तत्त्व. पण खरं सांगायचं तर त्या न सांगण्याचाच तिला आतून एक ताठा होता. आणि ताठा हा असा पाहुणा आहे, की माजघरात लपवला तरी आज ना उद्या ओसरीवर येऊन बसतोच.

तो बसला हंगामाच्या सणाला. दिवाळीनंतर चर्चच्या मंडळीत हा सण असतो. केळीचे घड, दादर ज्वारीची कणसं, भरताची वांगी, ज्याच्या घरी जे पिकलं ते वेदीपुढं मांडतात, आणि मग साक्षी होतात. साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून सगळ्यांपुढं सांगायचं. कुणी आजारातून उठल्याचं सांगतं, कुणी दारू सुटल्याचं. त्या दिवशी पुष्पाबाई उठली. महिला मंडळाची अध्यक्ष. सरकारी दवाखान्यात जाऊन तिनं रुग्णांना बिस्किटांचे पुडे वाटले, त्याची साक्ष तिनं वीस मिनिटं दिली. बिस्किटं देताना तिला कसं रडू कोसळलं, एक म्हातारा तिला कसा देवदूत म्हणाला, सगळं सांगितलं. मंडळी "आमेन, आमेन" करत होती. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "ह्याला म्हणतात निःस्वार्थ प्रीती! आपल्यात अशा किती बहिणी आहेत?"

सिस्टरच्या अंगाची लाही लाही झाली. सकाळी सहाला घाण उपसून, हात डेटॉलनं धुऊन ती उपासनेला आली होती. बिस्किटांचे पुडे! ती उभी राहिली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"माझ्या शेजारी एक म्हातारी आहे," ती म्हणाली. "चार वर्षं अंथरुणावर. सख्ख्या मुलानं आणि सुनेनं तिला घाणीत टाकून दिलं. ती घाण प्रभूनं माझ्या हातानं काढली. रोज काढतो."

एवढंच नाही, आणखीही बोलली. मुलगा फोटोपुरता येतो म्हणाली, सून नाक दाबून दारात उभी राहते म्हणाली. एक शब्द खोटा नव्हता. चर्चमध्ये आधी पाठीमागून कुणीतरी हुंदका दिला, मग असा आमेनचा गजर झाला की पुष्पाबाईचा चेहरा पडला. तो पडलेला चेहरा सिस्टरनं पाहिला आणि तिला गोड वाटलं. उपासना सुटल्यावर बायकांनी तिला गराडा घातला, हात हातात घेतले. त्या दिवशी भागाबाईची कूस बदलायला तिला दीड तास उशीर झाला.

पाळकसाहेबांच्या सुनेनं मोबाईलवर साक्ष टिपली होती. तिनं ती मंडळीच्या पेजवर टाकली, सिस्टरला न विचारता, नावागावासकट. भल्यासाठीच टाकली बिचारीनं. तिसऱ्या दिवशी ती साक्ष जळगावला नवलच्या कंपनीच्या कँटीनमध्ये पोचली आणि चौथ्या दिवशी धुळ्याला. धुळ्याला दिपमालाचं जमलं होतं, साखरपुड्याची तारीख निघाली होती. मुलाच्या आईनं फोन करून रत्नाला एकच विचारलं, "विहीणबाई, तुमच्या घरी सासूला असंच ठेवतात का?"

शुक्रवारी नवल गाडी घेऊन आला. सिस्टर तेव्हा म्हातारीला भरवत होती. तो चपला न काढता आत आला.

"ताट ठेवा खाली, सिस्टर. आईला मी घेऊन चाललोय."

"नवलभाऊ, मी चुकले. मी बोलायला नको होतं."

"चुकले? कंपनीतला शिपाई मला विचारतो, साहेब, आईला घाणीत टाकली का? माझ्या आईची घाण विकून तुम्ही चर्चमध्ये टाळ्या घेतल्या."

ते खरं होतं. त्याच्या बाकी कशातच खरं नव्हतं, पण त्या एका वाक्यात होतं, आणि ते तिच्या वर्मी बसलं.

ती त्याच्यामागे मागे फिरत राहिली. "न्या हो, तुमची आई आहे, जरूर न्या. पण दर दोन तासांनी कूस बदला. हे बघा, मी लिहून देते." कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तिनं वेळा लिहिल्या, सहा, आठ, दहा, बारा. नवलनं कागद न बघता खिशात कोंबला. "हवेची गादी आणलीय भारीतली," तो म्हणाला. "डॉक्टरनं सांगितलं, आपोआप हलते. तुमची गरज नाही."

उचलताना भागाबाईच्या डाव्या हातानं सिस्टरचा पदर धरला होता. नवलनं एकेक बोट सोडवलं. म्हातारी ओरडली, पण शब्द फुटला नाही, नुसता आवाज. गाडी गेटाकडं वळली आणि गल्लीतल्या बायका दारांतून आत गेल्या. सिस्टर म्हातारीच्या रिकाम्या खाटेवर बसून राहिली आणि मग तिनं स्वतःच्या तोंडात दोन थपडा मारून घेतल्या.

संध्याकाळी ती पाळकसाहेबांकडं गेली. "ते काढून टाका मोबाईलमधून," म्हणाली. पाळकसाहेब हसले. चांगला माणूस, पण त्याला सगळ्यात वचन दिसायचं आणि माणूस दिसायचा नाही. "सिस्टर, चांगल्या साक्षीमागे छळ येतोच. आनंद करा! किती लोकांनी पाहिलंय ठाऊक आहे का?"

"ती म्हातारी मरेल हो."

"आपण प्रार्थना करू," म्हणाले पाळकसाहेब.

तीन आठवडे काही कळलं नाही. सिस्टर रोज फोन करायची, नवल उचलायचा नाही. मग एका दुपारी रत्नाचा फोन आला, आवाज दाबून. "सिस्टर, यांना सांगू नका मी फोन केला म्हणून. सासूबाईंच्या कमरेला काळं पडलंय... आणि वास येतो हो. घरात बसवत नाही."

सिस्टरनं पिशवी भरली. सलाईनच्या बाटल्या, गॉज, पट्ट्या, मलम. मिळाली ती गाडी पकडून जळगाव गाठलं आणि रिक्षा करून ती नवलच्या दारात उभी राहिली. रविवार होता, दार नवलनंच उघडलं. आतून वास आला, आणि तो कशाचा ते सिस्टरला सांगावं लागलं नाही. बत्तीस वर्षांत तो तिनं पुष्कळदा घेतला होता.

"मला आत येऊ द्या," ती म्हणाली. "भांडायला नाही आले. ड्रेसिंग करते आणि जाते. रोज येईन, रोज जाईन."

नवल दारातून हलला नाही. त्याचे डोळे सुजलेले होते. त्यालाही झोप नसावी. "दिपूचं लग्न मोडायला आलंय," तो म्हणाला. "धुळेवाले थांबलेत. म्हणतात, बघू. तुम्ही एवढी साक्ष दिली ना? आता दुसरी द्या. मी मोबाईल धरतो. सांगा, मी खोटं बोलले. आईचं सगळं रत्ना करायची, मी नुसती शेजारची, मोठेपणासाठी बोलले. सांगा आणि आत या."

सिस्टरला वाटलं, याच्या तोंडात मारावी. चार वर्षं! हाडं झिजवली चार वर्षं, आणि ते सगळं उचलून द्यायचं त्या दारातूनच "झोपल्यात का" विचारणारीला! तिनं आयुष्यात पुण्य म्हणून जे काही गाठीला बांधलं असेल ते एवढंच होतं. आणि दुसरं त्याहून वाईट. दहा आज्ञांमध्ये खोट्या साक्षीची एक आहे. ती तिला बापानं मांडीवर बसवून पाठ करून घेतली होती. खोटी साक्ष म्हणजे काय, हे तिच्याइतकं त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणाला कळत नव्हतं.

आतून कण्हण्याचा आवाज आला.

"धरा मोबाईल," सिस्टर म्हणाली.

जिन्यातल्या भिंतीला टेकून ती बोलली. मी खोटं बोलले, मला मोठेपणाचा मोह झाला, नवलभाऊ आणि त्यांची बायको देवमाणसं आहेत. नवलनं मोबाईल खाली केला, ऐकून पाहिलं आणि मान हलवली. "पुन्हा घ्यावं लागेल. रत्नाचं नाव नीट आलं नाही."

तिनं पुन्हा दिली. या वेळी रत्नाचं नाव नीट आलं.

भागाबाई आतल्या खोलीत होती. हवेची गादी भारीतलीच होती, पण तिच्या मोटरचं बटण बंद. "घरघर करते हो," रत्ना खालमानेनं म्हणाली. "दिपूची झोपमोड होते." सिस्टरनं पांघरूण काढलं. माकडहाडाशी हाताचा पंजा मावेल एवढा खड्डा पडला होता आणि त्याच्या तळाशी पांढरं दिसत होतं. ते हाड होतं. दोन्ही टाचा काळ्या. रत्ना तोंड दाबून बाहेर पळाली. सिस्टर खाली वाकून म्हणाली, "अक्का, उनी मी." म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं, पण आता एकही शब्द उरला नव्हता. डावा हात तेवढा गादीवर सरकला, तो सिस्टरनं आपल्या पदराशी नेऊन ठेवला आणि मग ती रडली.

तिनं दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं, परोपरीनं सांगितलं. "वय झालंय, आता कशाला चिरफाड," नवल म्हणाला. एक डॉक्टर एकदा येऊन गोळ्या लिहून गेला. मग रोज सकाळी पाचोऱ्याहून जळगाव, संध्याकाळी परत, असं एकोणीस दिवस चाललं. सहासष्ट वर्षांची बाई, गुडघे बोलायला लागले. रत्नाला तिनं कूस बदलायला शिकवलं. रत्ना डोळे मिटून हात लावायची, आणि सिस्टरची पाठ वळली की तेवढंही करायची नाही. दुसऱ्या दिवशी अंगावर उठलेल्या चादरीच्या वळांवरून सगळं कळायचं.

दुसरी साक्ष मंडळीत पोचायला वेळ लागला नाही. पुष्पाबाईनंच ती पाळकसाहेबांना दाखवली. पुढच्या रविवारी जळगावला उशिरा निघायचं ठरवून ती चर्चला गेली, तेव्हा उपासनेआधी त्यांनी सिस्टरला बाजूला घेतलं. "या दोन साक्षींपैकी एक खोटी आहे. कोणती, ते मंडळीसमोर सांगा. तोवर तुम्हाला प्रभुभोजनाची भाकर देता येणार नाही."

आता काय सांगायचं? दुसरी खोटी म्हणावं तर कुणीतरी तेही मोबाईलवर टिपणार आणि नवलचं दार बंद होणार. पहिली खोटी म्हणावं तर प्रभूच्या घरात, प्रभूच्या तोंडावर पुन्हा खोटं. ती आपल्या बाकावर जाऊन बसली. भाकर आणि प्याला बाकांवरून फिरला आणि तिच्यापुढून तसाच गेला. शेजारच्या बाईनं आपल्या साडीच्या निऱ्या आवरून घेतल्या. धुळ्याच्या दवाखान्यात कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणारे हात ते, त्यांच्यापासून साडी आवरून घेतली. सिस्टर त्यानंतर चर्चला गेली नाही. तसंही रविवारी तिला जळगावला जायचं असायचं.

विसाव्या दिवशी ती पोचली तेव्हा बिल्डिंगखाली माणसं जमली होती आणि बांबू येऊन पडले होते. भागाबाई पहाटे गेली होती. तिला कुणी कळवलं नव्हतं. ती पिशवी घेऊन जिना चढली. घरात नातेवाईक बायकांची गर्दी, मधे रत्ना, आणि जो तो रत्नाच्या पाठीवरून हात फिरवत होता. रत्नानं सिस्टरला पाहिलं, उठली आणि हाताला धरून तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. दार लावून घेतलं.

"सिस्टर, अंघोळ घालायचीय. सुनेनंच घालायची म्हणतात. आत्या येतील आता पाणी घेऊन, सगळ्या बघतील हो. माझ्याच्यानं नाही होणार. तुम्ही काहीतरी करा."

सिस्टरनं म्हातारीकडं पाहिलं. कालची पट्टी भिजून पिवळी झाली होती. वास होता. बाहेर तीसेक बायका होत्या, अख्खी भाऊबंदकी होती, धुळेवाल्यांकडचंही कुणीतरी आलं असणार. तिनं काही करायचंच नव्हतं. पट्टी सोडायची आणि दार उघडायचं. बोलायची गरज नाही, साक्ष नाही, मोबाईल नाही. जे होतं ते बायकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं असतं आणि मग कोण खोटं नि कोण खरं ते सांगत बसावं लागलं नसतं. तिच्या मनात आलं, फार जोरात आलं. पाहू दे! एकदा सगळ्यांना पाहू दे! तिचा हात कडीपर्यंत गेला.

पण पाहिलं असतं कुणाला? रत्नाला नव्हे, भागाबाईला. जिनं उभ्या जन्मात परक्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, पहिल्यांदा पुसताना जिनं लाजेनं डोळे मिटून घेतले होते, ती तीस बायकांपुढं उघडी पडली असती, सडलेली, नाकाला पदर लावून बघण्यासारखी. म्हातारीची अब्रू आणि सुनेची अब्रू एकाच फडक्यात बांधलेली होती. एक झाकली की दुसरी झाकली जाणार. याची सिस्टरला अशी चीड आली की तिचे दात करकरले.

"पाणी दे," ती म्हणाली. "आणि तोंड तिकडं कर."

तिनं खड्डा धुतला, कापसानं गच्च भरला, वरून पट्ट्या ताणून बसवल्या. पिशवीतली डेटॉलची बाटली पाण्यात रिकामी केली. टाचांना फडकी गुंडाळली. केस विंचरले, तेल लावलं, नखं कापली. नवं लुगडं कमरेशी दुहेरी करून, टाचांखालपर्यंत ओढून असं नेसवलं की ओलं झालं तरी आतलं काही दिसू नये. हे सगळं तिनं दवाखान्यात शेकड्यांनी केलं होतं, मेलेल्याचा मान राहावा म्हणून. सगळं झाल्यावर रत्ना तिच्या पाया पडायला वाकली. सिस्टरनं पाय मागे घेतले.

"मला शिवू नको," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही केलं."

मग दार उघडलं. नवलची आत्या तानुबाई गरम पाण्याची घागर घेऊन पुढं झाली, मागून बायका आल्या. लुगड्यावरूनच पाणी घातलं. तानुबाईनं भावजयीचा हात हातात घेतला, कापलेली नखं पाहिली आणि तेल लावलेल्या केसांवरून हात फिरवला.

"देखा वं," ती बायकांकडं वळून म्हणाली, "चार वरीस खाटलावर पडेल व्हती, पन आंगवर एक डाग नही. सून पाह्यजे ते अशी. बठ्ठासले अशी सून भेटो!"

सगळ्यांनाच अशी सून मिळो, म्हणत बायकांनी डोळे पुसले. एकीनं धुळ्याच्या पाहुणीकडं पाहिलं, पाहुणीनं मान डोलावली. रत्ना खाली बघत उभी होती. तानुबाईचं लक्ष मग भिंतीपाशी उभ्या असलेल्या सिस्टरकडं गेलं, तिच्या पांढऱ्या साडीकडं, मोकळ्या कपाळाकडं.

"हाई तीच ना, मोबाईलमधली? आधी खोटं बोलनी आनि मंग माफी मांगी ती?"

रत्नानं मान आणखी खाली घातली. तानुबाई बाई वाईट नव्हती, दुःखात होती, आणि तिला जे वाटलं ते ती म्हातारीच्या देहाकडं बोट दाखवून बोलली. "तुम्ही ख्रिस्ती लोके सेवा सेवा करतस ना, बाई? मंग आठे देखी ल्या. सेवा अशी राहस."

"पाहिली, अक्का," सिस्टर म्हणाली.

तिनं मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. रत्ना टॉवेल घेऊन मागे आली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सिस्टर, मला माफ करा," ती कुजबुजली. माफ करावं, हे प्रभूचं म्हणणं सिस्टरला ठाऊक होतं. किती वेळा करावं, सातांच्या सत्तर वेळा, तेही ठाऊक होतं. तिनं टॉवेल घेतला नाही. ओले हात तसेच घेऊन ती तीन जिने उतरली आणि खाली उभ्या असलेल्या नवलच्या समोरून स्टेशनच्या रस्त्याला लागली.